सीडी ड्राइव्ह लावला तर निदान एरर तरी दे ना बे!

अबे साधा सीडी ड्राइव्ह दाखवायला काय तकलीफ होते बे या लायनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी टाकलेल्या माझ्या ऑपरेटिंग सिस्टीमला?? बाबांच्या कमरेचा एमआरआय झाला नागपुरात धंतोलीत, फिल्मसोबत पाकिटात सीडी टाकून दिली, आता दुसरे डॉक्टर म्हणतात इमेज पाठवा. आजकाल लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह असते का कुठं, म्हणून मित्राचा यूएसबीवाला मागून आणला. लावला. लाइट लुकलुकून राहिला, आतून घर्रर्र घर्रर्र सुरू, अन् स्क्रीनवर काहीच नाही. फाइल मॅनेजर आपला मौनव्रत घेतल्यासारखा गप.

मग नेटवर शोधलं तर एक म्हणतो एफस्टॅबमधे, म्हणजे कोणता ड्राइव्ह कुठं जोडायचा ते लिहिलेल्या फाइलमधे, एचडीसी लिही. अरे एचडीसी तर जुन्या आयडीई ड्राइव्हच्या जमान्यातलं नाव, आता साटा असो का यूएसबी, सीडी ड्राइव्ह एसआर झिरो म्हणूनच येतो! दुसरा म्हणतो युजरला सीडीरॉम ग्रुपमधे टाक, म्हणजे ड्राइव्ह वापरायची परमिशन मिळते. एलएसबीएलकेमधे, म्हणजे ड्राइव्हची यादी दाखवणाऱ्या कमांडमधे, ड्राइव्हच दिसून नाही राहिला तर परमिशन कशाची देऊ बे, माझ्या डोक्याची? तिसरा सर्वात भारी, म्हणे सीडी कोण वापरतं आता. मी हौसेनं वापरून राहिलो का राजा, एमआरआयवाल्यांना विचार ना! अन् बर्डीवर दुकानात नेलं तर त्यानं ड्राइव्हला हातही नाही लावला, सरळ म्हणे, "भाऊ, विंडोज टाकून घ्या."

शेवटी सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं) डीमेसेज, म्हणजे सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नलचे मेसेज, पाहिलं तर तिथं सगळी बोंबाबोंब, रिसेट यूएसबी डिव्हाइस, परत रिसेट, मग डिसकनेक्ट, परत तेच. म्हणजे मोटर फिरायला लागली की करंट कमी पडते अन् ड्राइव्ह बेशुद्ध. यूएसबी 2.0 चं पोर्ट नियमानं 500 मिलीअँपिअर देते, 3.0 चं 900, अन् असे काही ड्राइव्ह चकती फिरवताना त्याच्याही वर ओढतात, म्हणूनच तर काहींच्या केबलला दोन-दोन प्लग असतात. विंडोज टाकून पोर्टचा करंट वाढणार होता का?? वेगळ्या ॲडॉप्टरचा यूएसबी हब आणून लावला, एसआर झिरो टपकन हजर. कर्नल मघापासून बोंबलून राहिला होता, मग डेस्कटॉपला एक नोटिफिकेशन टाकायला काय झालं होतं? अपडेट आलं, वॉलपेपर आलं, त्याच्या नोटिफिकेशन बरोबर येतात.

बरं, सीडी उघडली. आत काय, तर एक ईएक्सई फाइल, फक्त विंडोजवर चालणारा व्ह्यूअर! डायकॉम फाइली, म्हणजे स्कॅनच्या खऱ्या इमेज, खालच्या फोल्डरमधे, नावं अशी की काही समजत नाही. वीसिस नावाचं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हा कुठं बाबांची कंबर दिसली. एक लिंक पाठवायला काय जाते या एमआरआयवाल्यांचं? बिलाचा मेसेज तर आम्ही लिफ्टमधे असतानाच आला होता.