आधी अर्क, मग विष
गुळवेल, हळद, ब्राह्मीच्या अर्काने यकृत आणि मेंदू दोन्ही वाचतात, असं औषधी वनस्पतींवरच्या या लेखात सरसकट ठोकून दिलंय. अहो, हे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. त्यात बऱ्याचदा आधी काही दिवस अर्क पाजतात आणि मग पॅरासिटामॉलचा जबर डोस देऊन यकृत बिघडवतात. आपण मात्र कावीळ झाल्यावर पाला शोधत फिरतो! गुळवेलीचं म्हणाल तर कोविडकाळात ती नेमाने घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतलं सिलिबिनिन हे द्रव्य युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना यकृत वाचवायला देतात, पण शुद्ध करून, मोजून, शिरेतून. लेखात डोसाचा पत्ताच नाही. निदान तेवढं तरी टाका.