बघू नका, ओता

ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक आहे का तुमच्याकडे? नसणारच. आमच्या अख्ख्या तालुक्यात एकच आहे आणि तो माझा आहे, गुडघ्यांनी क्लच दाबायला साफ नकार दिल्यावर लिलावात सेकंडहॅन्ड उचललेला, आणि तो बघून गावातली पोरं अजून म्हणतात की काकांनी ट्रकाची स्कूटी केली. म्हणू देत. पण उद्या तुमच्यातल्या कोणी घेतलाच तर त्याच्या गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचं आणि कमी असेल तर कसं भरायचं हे ठाऊक असावं म्हणून लिहितोय. मला स्वतःला याचं शिक्षण मागच्या आठवड्यात हायवेवरच्या एका गॅरेजात मिळालं, अगदी फुकट. फुकट म्हणजे गॅरेजात फुकट, फी नंतर भरली, फोंडा घाटात.

तर पहिली गोष्ट, तेल सकाळी सकाळी बघायचं. रात्रभर गाडी उभी आहे, काचेवर दव आहे, मिस्त्रीच्या बोटाला अजून मिश्री आहे, हाच मुहूर्त. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की आधी गाडी चालवून आणा, तेल 71 ते 93 डिग्रीपर्यंत तापू द्या आणि मग बघा. एवढा वेळ कोणाला आहे? तेवढ्यात तीन गाड्यांची हवा बघून होते.

गाडी सपाटीला उभी करा असंही पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणारा कोकणात कधी आला नसावा. आमच्याकडे सपाटी म्हणजे एक तर सडा, नाहीतर क्रिकेटची पीच, आणि पीचवर ट्रक घातला तर पोरं सोडायची नाहीत. तेव्हा जिथे गाडी नाक खाली करून उभी आहे तिथेच काठी ओढा, म्हणजे तेल मोजायची डिपस्टिक. तेल एका बाजूला गोळा झालेलं असतं, बरं पडतं बघायला.

इंजिन बंद ठेवा, डिझेल काय फुकट येतं? आता इंजिन चालू असलं की पंप तेल ओढून कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा), कूलर, पाईप सगळीकडे फिरवतो आणि खाली टाकीत जी पातळी राहते तीच खरी पातळी. बंद केलं की वरचं तेल हळूहळू खाली येऊन बसतं आणि काठी भरलेली दिसते. म्हणजे तेल कमी असलं तरी बंद गाडीत फुल्ल. यापेक्षा मनाला शांती देणारी पद्धत दुसरी नाही, इंजिन ऑईल असंच तर बघतो ना आपण आजोबांच्या काळापासून.

ब्रेक दाबून एकदा डी (पुढे), एकदा आर (रिव्हर्स) करून मग एनला (न्यूट्रल) आणायचं असतं, म्हणजे आतल्या वाटा तेलाने भरतात. सोडून द्या. पोरखेळ आहे.

काठी पुसायला वेस्टचा गोळा घ्या, तो धागेवाला, ज्याने सकाळी ग्रीस पुसलं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात वॉल्व्ह बॉडी असते, तिच्यात तेलाच्या इतक्या बारीक वाटा असतात की एखादा धागा, एखादा खडा अडकला तर गिअर कधी पडायचा आणि कधी नाही हे तोच ठरवतो. काठीच्या नळीतूनच तेल भरायचं असतं, तेव्हा लांब नाकाचं स्वच्छ नरसाळं लागतं. ते नसेल तर रॉकेलचं आहेच, ते पण नसेल तर पाण्याच्या बाटलीचा तळ कापा. आणि नळीच्या तोंडाभोवती जी लाल माती साठलेली आहे ती अजिबात पुसू नका, तेलही लालच आहे, आत गेली तर कळणार सुद्धा नाही.

तेलाच्या रंगाचं सांगतो, हे मात्र आपल्या माणसाला चटकन कळेल. नवीन तेल कोकम सरबतासारखं लालचुटुक असतं. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, गाडीखाली डाग दिसला तर इंजिनचं गळतंय की गिअरबॉक्सचं हे लांबूनच समजावं म्हणून. वापरून वापरून ते गडद होतं. काळपट झालं आणि करपल्याचा वास आला की समजायचं आत क्लचच्या प्लेटा भाजल्यात. आणि सोलकढीसारखं झालं, म्हणजे गुलाबी आणि दुधट, तर आत पाणी गेलं. रेडिएटरच्या बाजूने जातं, नाहीतर पुरात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली त्यानंतर कित्येक गाड्यांच्या पोटातलं तेल काढून बघितलं असतं तर सोलकढीच निघाली असती, पण बघतो कोण, गाडी धुतली, सीट वाळवल्या, सुरू झाली, जय महाराष्ट्र. अशा वेळी वरून थोडं नवीन तेल घालायचं. नासलेल्या कढीत दोन चमचे आगळ घातलं की कढी सुधारते हे आपल्याला माहीतच आहे.

दुकानात तेल मागताना "गिअरबॉक्सचं द्या" एवढंच म्हणा. दुकानदार नव्वद नंबर देईल. दाट, चिकट, मधासारखं. ऑटोमॅटिकला पातळ लागतं, ते पण डब्यावर टीईएस 295 नाहीतर आताचं टीईएस 668 छापलेलं (माझा अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स आहे, दुसऱ्याला दुसरं लागतं, तेही पुस्तकातच आहे), पण हे आकडे सांगितलेत तर दुकानदार तुमच्याकडे असा बघेल की तुम्ही त्याच्याकडे व्हेलची उलटी मागताय. त्यावरून आठवलं, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात खरोखरच स्पर्म व्हेलचं तेल घालत असत, गिअर गुळगुळीत पडावा म्हणून. नंतर व्हेल संरक्षित झाला आणि त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. इकडे किनाऱ्यावर उलटी विकताना दर दोन महिन्यांनी कोणीतरी पकडला जातो, त्यांच्या कानावर ही माहिती जाऊ देऊ नका, उगाच नवीन धंदा सुचायचा.

असो. आता मुख्य सल्ला. किती ओतायचं?

भरपूर.

या एका गोष्टीत आख्ख्या कोकणाचं एकमत आहे. जास्त असलेलं बरं. मला हे ज्याने शिकवलं तो माणूस वाईट नाही हो, हात चांगला आहे त्याचा, ग्रीसिंग व्यवस्थित करतो. मी रात्री चिरे भरून ठेवले होते, 400 चिरे, कोल्हापूरला एकाच्या बांधकामावर टाकायचे होते. पहाटे निघालो, दहा मिनिटांवर त्याच्याकडे थांबलो, मागच्या टायरांची हवा बघ म्हणालो आणि समोरच्या टपरीवर चहाला गेलो. एक कटिंग. एका कटिंगला किती वेळ लागतो? परत येतो तर दोन डबे रिकामे होऊन खाली आडवे पडलेले, नरसाळं अजून नळीत, आणि हा हात पुसत उभा, चेहऱ्यावर अशी कृतकृत्यता की जणू माझा जीव वाचवलान.

"तेल लय कमी होता. तीन लिटर घातलंय."

मी म्हटलं अरे बाबा, काठीवर दोन खुणा आहेत, खालची थंडची आणि वरची गरमची, गाडी थंड आहे तर तेल खालच्या खुणेवरच दिसणार, ते बरोबर होतं. काठी पुसून त्याला दाखवली. आता तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं, थंड असताना. तो हसला. "तेल थंड काय नि गरम काय, तेल ता तेल." मी म्हटलं काढ. "र्‍हवांदे हो, जास्त आसलेला बरा. काय एक होवचा नाय."

आणि मी गेलो. हे पण सांगायला पाहिजे. समोरची पार्टी सकाळपासून तीनदा फोन करत होती, मजूर बसवून ठेवलेत म्हणून, आणि मी त्याला तेल काढच म्हणायच्या ऐवजी सीटवर चढलो. माझंही चुकलं.

आता तेल तापलं की फुगतं. 20 लिटर तेल असेल तर 30 डिग्रीवरून 90 ला जाईपर्यंत जवळपास लिटरभर वाढतं. म्हणून तर काठीवर दोन खुणा आहेत, कोणी हौस म्हणून नाही कोरल्या. फोंड्याच्या बाजारातून पुढे चढ लागला, लोड गाडी, पहिल्या दुसऱ्या गिअरात रांगत चाललेली, आणि असं रांगताना कन्व्हर्टर तेलाला इतका घुसळतो की तापणारच. त्यात पातळी इतकी वर की आतली फिरणारी चक्रं थेट तेलात बुडून फिरायला लागली. मिक्सरमध्ये ताक घातल्यासारखं झालं, फेस. फेस म्हणजे तेलात हवा, आणि हवा दबते, तेल दबत नाही. प्रेशर गेलं, क्लचच्या प्लेटा घसरायला लागल्या, घसरल्या की अजून तापणार, तापलं की अजून फेस, आणि शेवटी तो फेस ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या भोकातून, बाहेर येऊन गरम सायलेन्सरवर. पांढराफेक धूर. मागे एसटी होती, तिच्यातून कोणीतरी बोंबललं, "ट्रक पेटलो, ट्रक पेटलो!"

पेटला नव्हता. थांबला होता. इंजिन भुर्र करतंय आणि गाडी जागची हलत नाही, दगड लावून उभी केली वळणावर.

ऐन दुपारची गोष्ट. त्यानंतर जो जो थांबला त्याने त्याने खाली वाकून बघितलं, तेल टपकतंय म्हणाला, आणि सल्ला काय दिला? तेल घाला! गळतंय म्हणजे कमी झालं असणार, घाला. एकाने तर स्वतःच्या गाडीतून डबा काढून आणला, बिचारा, मदत म्हणून. त्याचा हात धरून ठेवावा लागला मला.

संध्याकाळी गार झाल्यावर चालू केली, एनला ठेवली. या गाडीत गिअरच्या बटणांवर वरचा आणि खालचा बाण असे दोन बाण आहेत, ते एकदम दाबले की गाडी स्वतः सांगते तेल किती आहे ते. मात्र गाडी जागेवर उभी पाहिजे, इंजिन आयडलवर पाहिजे, तेल 60 डिग्रीच्या वर पाहिजे आणि दोन मिनिटं थांबायला पाहिजे. तेल गार असेल तर ती उत्तरच देत नाही, आकडा दाखवून सांगते की आत्ता विचारू नका. सकाळी मी तेच केलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं, थांबा म्हणून. मशीनला कळतं की थंड तेलावरून काही बोलू नये. वाट बघितली, मग दाबलं. आधी एच आय आलं, म्हणजे हाय, जास्त, मग 02. दोन क्वार्ट, म्हणजे जवळपास दोन लिटर जास्त. एवढं सांडून, एवढं जळून, अजून दोन लिटर जास्त! एका ट्रकवाल्याकडे डिझेल काढायची हातपंपाची नळी होती, तिने थोडं थोडं करून काढलं, एच आय जाईपर्यंत. लाल नव्हतंच ते आता, काळा चहा, आणि वास करपलेल्या भाकरीचा.

रात्री साडेअकराला दाजीपूर गाठलं, लंगडत. रस्त्यात दोन गवे उभे होते, मी लाईट बारीक करून दहा मिनिटं थांबलो. तेवढे दहाच. कोल्हापूरला तेल आणि फिल्टर सगळं बदललं, प्लेटा वाचल्यात असं मिस्त्री म्हणतोय, "सध्या" असा शब्द जोडून. बिलाचा आकडा घरात अजून सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

आणि परवा उतरताना त्या गॅरेजपाशी मुद्दाम थांबलो. भांडायला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, "मगे आता कमी झाला आसतला. बघू काय?" आणि काठीकडे हात. इंजिन बंद, गाडी उतारावर, हातात तोच वेस्टचा गोळा.

आता बास झालं, उपरोध बिपरोध गेला खड्ड्यात. अरे, हे तेल इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं असेल तर कुठूनतरी गळतंय, पॅनचं गॅस्केट, कूलरचा पाईप, मागचं सील, आधी ते बघ, खाली वाकून बघ! तेल ओतलं की काम केल्यासारखं वाटतं तुम्हाला, आणि नुसतं बघितलं की टाईमपास. गिऱ्हाईकालाही तसंच वाटतं, माझ्यासकट, डबे रिकामे दिसले की पैसे द्यायला बरं वाटतं. दहा मिनिटं गाडी चालवून आणायला काय जातं रे तुझं? काठीवर लिहिलंय ते वाचायला काय जातं? आयुष्यभर हाताला काळं लावून घेतलंस, दोन खुणा का आहेत हा प्रश्न एकदा तरी पडला का? जास्त असलेलं बरं म्हणे. मीठ पण जास्त घालतोस का आमटीत? कमी असेल तर अर्धा लिटर घाल, चालू कर, परत बघ, परत अर्धा घाल, एवढंच करायचं असतं. आणि तेही गरम झाल्यावर, कळलं? गरम झाल्यावर!

डबा खाली ठेव. ठेव म्हणतोय ना खाली.