पाव फेरा

माझ्या जुन्या डिझेल ट्रकच्या इंधन पंपाला मागच्या बाजूने एक स्क्रू आहे. त्यावर लॉकनट. शिवाय असल्या स्क्रूवर मुळात सील असतं, आणि सीलचा अर्थ ‘हात लावू नये’ इतका सरळ असतो. पण हे सील माझ्या आधीच्या मालकाने केव्हाच तोडलेलं होतं, त्यामुळे मी त्याचा अर्थ ‘या, बसा’ असा घेतला.

कारण होतं चढाचं. रिकामा ट्रक बरा पळायचा, पण माल भरून चढ लागला की मागच्या सगळ्या गाड्यांची माफी मागत मागत वर जायचा. पेट्रोलच्या इंजिनात पाय दाबला की आधी हवेचं दार उघडतं. डिझेलला ते दार नाही. येईल तेवढी हवा आत येते, दाबली जाऊन पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या भट्टीत नोजल डिझेल फवारतो. किती फवारायचं ते माप पंपाकडे, आणि पंपाचं माप त्या मागच्या स्क्रूकडे. म्हणजे ताकद हवी तर माप वाढवा! रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हे इतकं सोपं वाटलं, की आजवर कुणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटत राहिलं. (रुडॉल्फ डिझेल १९१३ साली बोटीच्या प्रवासात रात्रीतून नाहीसे झाले. का, ते आजही नक्की ठाऊक नाही. माझा अंदाज असा, की बोटीवर कुणीतरी त्यांना ‘स्क्रू कुठल्या बाजूला फिरवू?’ असं विचारलं असावं.)

सकाळी लॉकनट सैल केला आणि स्क्रू पाव फेरा आत घेतला. ट्रक चढावर असा गेला, की मीच मागे वळून पाहिलं, माल पडला की काय. मग पुन्हा पाव. पुढच्या आठवड्यात अजून एक, आणि मग असंच, सवयीने.

धूर आधी राखाडी झाला, मग काळा. रेसही वाढली. ट्रक उभा असला तरी इंजिन भांडायला उठल्यासारखं गुरगुरायचं. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीची रेस ठरवणारा, स्क्रू उलटा फिरवून पाहिला, तर तो शेवटाला टेकला आणि रेस होती तिथेच. आवाजाने केबिनमध्ये बोलणं ऐकू येईना, म्हणून मी जुन्या मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट अंथरली. आवाज फारसा कमी झाला नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळालं.

दोन दिवसांनी रिव्हर्स टाकताना करर्र! पोटात खड्डा पडला. पहिला गिअरही हट्टाला पेटला. दोन्ही हातांनी ओढावा तेव्हा कुठे उपकार केल्यासारखा आत जायचा. माझं निदान तयार होतं: गिअरबॉक्स गेला. पण गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे काय ते माहीत असल्याने मी निदानाला जरा धीर धरायला सांगितलं आणि आधी स्वस्तातले रोग तपासले. गिअर ऑइल बदललं. गिअरच्या दांड्यांचे, म्हणजे लिंकेजचे, बुश हलवून पाहिले, घट्ट होते. मग उरली क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा.

हवा काढायला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक खाली. मी पाना घेऊन ट्रकखाली आडवा झालो आणि भाच्याला वर बसवलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.” मी हवा सोडायचा निपल सैल केला. “सोडू नकोस!”

“सोडू?”

“नको म्हणतोय!”

सोडलं. सैल निपलमधून हवा उलट आत गेली आणि मघाशी बाहेर आलेलं तेल माझ्या कानात. असं चौदा-पंधरा वेळा झालं. मध्येच वरून आवाज आला, “मामा, पेडल खाली कशाला तरी लागतंय.”

“तुझाच पाय लागत असेल. दाब.”

तासाभराने लाइनमध्ये बुडबुडा औषधाला उरला नाही. ट्रक सुरू केला, रिव्हर्स टाकला. करर्र.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, मग रिव्हर्स. दोन्ही लोण्यात सुरी जावी तसे गेले. इंजिन सुरू केलं, पुन्हा टाकून पाहिलं. करर्र.

“मालक, बंद गाडीत गिअर पडतो आणि चालू गाडीत अडतो, म्हणजे बॉक्स ठीक आहे. क्लच पुरता सुटत नाही. प्लेट फिरतच राहते, त्यात तुमची रेस चढलेली, मग दाते ओरडणारच.” असं म्हणून ते वाकले, पेडलखाली हात घातला आणि वरची मॅट ओढून बाहेर टाकली. पेडल दोन बोटं आणखी खाली गेलं. रिव्हर्स पडला. आवाज नाही.

भाचा काही बोलला नाही. नुसता मॅटकडे पाहत राहिला.

“दोन मॅट कशाला घातल्या?”

“इंजिनाचा फार आवाज यायचा.”

“एवढा का यायचा?”

मी पंपाकडे न बघता म्हणालो, “स्क्रू पाव फेरा आत घेतलाय.”

मिस्त्रींनी एक्झॉस्टच्या काळ्या तोंडातून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. “हे डिझेल जळलंच नाही. जळायला हवा पुरली पाहिजे ना? भरल्या गाडीने असंच चढ चढत राहिलात तर एक दिवस पिस्टन वितळेल.” मग पाना मागून घेतला, लॉकनट सोडला आणि स्क्रू उलटा फिरवू लागले. पुन्हा पुन्हा थांबून इंजिनाला कान देत होते आणि मोठ्याने मोजत होते.

“एक पाव... दोन... तीन...”

चारला मी आभाळाकडे बघितलं. पाचला इंजिन शांत झालं.

“सव्वा फेरा, मालक! आणि मला पाव म्हणालात?”

“प्रत्येक वेळी पावच होता, मिस्त्री.”