लुर्ड्स हा बनाव होता म्हणणाऱ्यांना

फेब्रुवारीची ११ तारीख, म्हणजे लुर्ड्समातेचा सण, जवळ आला की एक मेसेज आमच्या वसईतल्या ग्रुपांवर फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. एक वर्गमित्र, एक शेजारी, आणि वाईट याचं वाटलं की तिसरा आमच्याच धर्मग्रामातला, दर रविवारी मिस्साला येणारा मुलगा.

मेसेजचा सारांश असा. १८५४ साली पोप नववे पायस यांनी ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा सिद्धांत, म्हणजे मरियेनं कुमारी असताना येशूला जन्म दिला हे मत, सगळ्यांवर लादलं. लोकांना ते पटेना. म्हणून चारच वर्षांनी फ्रान्समधल्या लुर्ड्स गावी एका अर्धवट, अडाणी मुलीला पढवलं आणि ‘मरियेनं मला दर्शन दिलं’ असं तिच्याकरवी वदवून खुद्द मरियेची साक्ष उभी केली. मग झऱ्याच्या पाण्यानं रोग बरे होतात अशी आवई उठवली, त्यावर पैसा केला, आणि आजही प्रत्येक कॅथलिकाला हे सगळं खरं मानणं सक्तीचं आहे.

मी लुर्ड्समातेची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, लहानपणापासून म्हणत आले आहे, त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. तिथे खरंच कोण दिसलं हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि हे लिहिण्याचा तो हेतूही नाही. पण मेसेजमध्ये जे इतिहास म्हणून सांगितलंय ते तपासता येतं, आणि तपासलं की त्यातलं फार थोडं उरतं.

सुरुवात शब्दाच्या अर्थापासून करू, कारण सगळी इमारत त्यावरच उभी आहे. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीजन्म नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की आमच्यातलेही पुष्कळ जण करतात. इथला गर्भ मरियेचा स्वतःचा, तिच्या आईच्या उदरातला. तिला आई-वडील होते, आणि ती इतर मुलांसारखीच जन्माला आली. सिद्धांत एवढंच सांगतो की देवाच्या कृपेनं, अस्तित्वाच्या पहिल्या क्षणापासून, तिला आदिपापाचा, म्हणजे आदाम-एवेपासून प्रत्येक माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापाचा, स्पर्श झाला नाही. सणांच्या तारखा पाहिल्या तरी हे कळतं. निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला, आणि बरोबर नऊ महिन्यांनी ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरते ती याच जन्मदिवसाला धरून. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं. येशूच्या गर्भधारणेचा दिवस वेगळा, २५ मार्च, आणि त्याचे नऊ महिने नाताळला भरतात.

कुमारीजन्माबद्दल म्हणाल तर तो १८५४ च्या दीड हजार वर्षं आधीपासून श्रद्धासूत्रात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, आहे. तो पटवून देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कुणाला साक्षीदार शोधत हिंडण्याची गरज नव्हती. निष्कलंक गर्भसंभवावर मात्र शतकानुशतकं खरोखर वाद होता, पण तो आपसातला, धर्मपंडितांचा. थॉमस अक्विनाससारख्या मोठ्या संताला ही कल्पना मान्य नव्हती, आणि डन्स स्कोटस या दुसऱ्या पंडितानं ती उचलून धरली होती. सामान्य भाविक तर पंडितांच्या पुढेच होते. पॅरिसमध्ये १८३० साली कॅथरिन लाबुरे या सिस्टरला झालेल्या दर्शनानंतर जी पदकं निघाली, त्यांवर ‘निष्पाप गर्भसंभव झालेल्या मरिये’ अशीच हाक कोरलेली होती, आणि ती पदकं लाखोंनी गळ्यात होती. ‘लोकांना पटेना’ हे कथानकच उलटं आहे.

आता मुलीकडे येऊ. बर्नाडेट सुबिरू, वय १४. वडील गिरणी चालवणारे, पण धंदा बुडाला. १८५५ च्या कॉलऱ्यात ती वाचली, मात्र दमा कायमचा मागे लागला. १८५७ मध्ये पीठ चोरल्याच्या नुसत्या संशयावरून बापाला काही दिवस तुरुंगात टाकलं. दर्शनाच्या वेळी आई-बाप आणि चार मुलं असं सहा जणांचं कुटुंब एका खोलीत राहत होतं. ती खोली म्हणजे गावाची जुनी कोठडी, कैद्यांसाठीही अयोग्य ठरवून बंद केलेली. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नाडेट बहीण आणि मैत्रिणीबरोबर नदीकाठी मासाबिएलच्या कपारीपाशी गेली होती ती जळण गोळा करायला. तिथेच तिला पहिलं दर्शन झालं.

तिला वेडी किंवा अर्धवट म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीची कागदपत्रं वाचावीत. २१ फेब्रुवारीला पोलीस कमिशनर जाकोमे यानं तिची चौकशी केली. तिचा जबाब वाचून दाखवताना त्यानं मुद्दाम तपशील फिरवले, आणि दर वेळी तिनं त्याला थांबवलं: साहेब, मी असं म्हटलं नव्हतं. मार्चअखेरीस प्रीफेक्टच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाच्या, सांगण्यावरून तीन डॉक्टरांनी तिला तपासलं. त्यांनी भ्रम असण्याची शक्यता नोंदवली हे खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण तिला डांबून ठेवावं असं काही त्यांना आढळलं नाही. अडाणी म्हणाल तर होय, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. फ्रेंचही धड येत नव्हती, ती गावची बोली बोलायची. म्हणून धर्मशिक्षणात मागे पडली आणि तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, जूनपर्यंत लांबलं. पण शाळा न मिळणं आणि अर्धवट असणं एक नव्हे, हे निदान आपल्या आज्यांची नातवंडं असलेल्यांना तरी वेगळं सांगायला नको.

पढवलं, तर कुणी? इथे मेसेज गप्प आहे. संशयित एकच असू शकतो, गावचे मुख्य धर्मगुरू फादर पेरामाल. या फादरांनी हाताखालच्या सगळ्या धर्मगुरूंना त्या कपारीकडे फिरकायचं नाही अशी ताकीद दिली होती. ‘इथे चॅपेल बांधायला सांग’ हा निरोप घेऊन बर्नाडेट २ मार्चला त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला झाडलं. तुला दिसते त्या बाईचं नाव विचारून ये म्हणाले, आणि खरीच असेल तर कपारीतल्या रानगुलाबाला या थंडीत फूल आणून दाखवू दे म्हणाले. फूल काही आलं नाही. बनाव करणाऱ्यानं स्वतःच मागितलेला पुरावा स्वतःच हुकवला, असं मानायचं का?

बिशप लॉरेन्स यांनी जुलै १८५८ मध्ये आयोग नेमला आणि निर्णय दिला थेट १८ जानेवारी १८६२ ला. साडेतीन वर्षं. मधल्या काळात लुर्ड्समध्ये आणखी कितीतरी जणांना ‘दर्शनं’ होऊ लागली होती. त्यातलं एकही मान्य झालं नाही. चमत्काराची भूक असती तर इतका आयता माल कुणी परत पाठवला असता का? सरकारनं तर जूनमध्ये कपारीला फळ्या ठोकून वाटच बंद केली. १६ जुलैचं शेवटचं, अठरावं दर्शन बर्नाडेटला नदीच्या पलीकडच्या काठावरून झालं. फळ्या निघाल्या ऑक्टोबरात, सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमानं.

नावाचा मुद्दा या सगळ्यात अवघड आहे, आणि इथे मला आपल्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. २५ मार्चला बर्नाडेटनं पुन्हा नाव विचारलं. उत्तर तिच्याच बोलीत आलं: ‘के सोय एरा इम्माकुलादा कोन्सेप्सिऊ’. मी निष्कलंक गर्भसंभव आहे. विसरू नये म्हणून वाटभर हे शब्द घोकत ती फादरांकडे पोचली. आपले भाविक म्हणतात, तिला हा शब्द ठाऊक असणं शक्यच नव्हतं, म्हणून हा पुरावा. मेसेजवाले म्हणतात, शब्द पढवलेला होता, म्हणून हाही पुरावा, बनावाचा. मला दोन्ही बाजू घाई करताना दिसतात. ८ डिसेंबरचा सण चर्चमध्ये साजरा होत होता, तेव्हा शब्दाचा नाद तिच्या कानावरून कधी गेलाच नसेल असं छातीठोक म्हणता येत नाही. पण अर्थ तिला कळला नव्हता, तो तिनं नंतर विचारून घेतला. आणि वाक्य बघा. पढवणारा धर्मगुरू असता तर त्यानं ‘मी निष्कलंक गर्भसंभव झालेली मरिया’ असं सरळ वाक्य दिलं असतं. कुणी ‘मी जन्म आहे’ म्हणून ओळख करून देत नाही. फादर पेरामालांना हेच खटकलं, कुठल्या बाईचं असं नाव असतं का, म्हणाले. सिद्धांतावर शिक्का मारण्यासाठी रचलेलं वाक्य सिद्धांत जाणणाऱ्या माणसालाच चुकीचं वाटावं, ही फार विचित्र कारागिरी झाली.

त्याआधी तर बर्नाडेट ‘मरिया’ असंही म्हणत नव्हती. ती म्हणायची ‘आकेरो’, म्हणजे ‘ते’. तिला दिसली होती एक लहानखुरी तरुण मुलगी, पांढरा झगा, निळा कमरपट्टा, दोन्ही पावलांवर पिवळी गुलाबं. पुढे १८६४ मध्ये शिल्पकार फाबिश यांनी घडवलेला भव्य पुतळा कपारीत बसवला, जो आज आपल्या प्रत्येक ग्रोटोत, म्हणजे त्या कपारीसारख्या बांधलेल्या देवळीत, आणि मालाडच्या ऑर्लेमपासून गोव्यापर्यंतच्या चर्चांतून नकलेनं दिसतो. तो पाहून बर्नाडेट म्हणाली, ही ती नव्हे. मला या सगळ्या कथेत सर्वांत जवळची वाटते ती १८ फेब्रुवारीची गोष्ट. त्या दिवशी ती बाई पहिल्यांदा बोलली. पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का, असं तिनं विचारलं. आदरार्थी बोलून, अहो-जाहो करून. कोठडीत राहणाऱ्या, चोराची पोर म्हणवल्या गेलेल्या मुलीला. बर्नाडेटच्या हे आयुष्यभर लक्षात राहिलं. लुर्ड्सच्या भक्तीचा उगम शोधायचा तर मी तो १८५४ च्या फर्मानात शोधणार नाही, या एका ‘अहो’मध्ये शोधेन.

पैशाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. १८६६ मध्ये लुर्ड्सला रेल्वे पोचली आणि गाव बदललं. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धातल्या फ्रान्सच्या पराभवानंतर तिथल्या मोठमोठ्या यात्रांना राजकीय रंगही चढला. राजेशाही परत आणू पाहणाऱ्यांनी त्यांचा वापर केला. आज कपारीकडे जाणारा रस्ता दुकानांनी भरलेला असतो, आणि ते बघून जीव विटतो अशी तक्रार यात्रेकरूच करतात. पण झऱ्याचं पाणी आजही फुकट मिळतं. आणि सुबिरू कुटुंबानं, खायची भ्रांत असताना, लोक हातात कोंबत होते ते पैसे घेतले नाहीत. धाकट्या भावानं एकदा नाणी घेतली तेव्हा बर्नाडेटनं त्याला परत करायला लावली. १८६६ मध्येच ती दूर नेव्हेरच्या कॉन्व्हेंटात गेली आणि पुन्हा कधीच लुर्ड्सला आली नाही. १८७६ मध्ये मोठ्या बसिलिकेचा अभिषेक झाला, तेव्हाही नाही.

सक्तीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. अशा दर्शनांना ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, ‘खाजगी प्रकटीकरण’ म्हणते, ती श्रद्धेच्या ठेव्याचा (मानायलाच हव्यात अशा गोष्टींचा) भाग नाहीत, आणि लुर्ड्सवर विश्वास न ठेवणारा माणूस उत्तम कॅथलिक असू शकतो. मे २०२४ मध्ये व्हॅटिकननं नवे नियम काढले त्यात तर, यापुढे सर्वसाधारणपणे कुठलंही दर्शन ‘अलौकिक’ असल्याचं जाहीरच करायचं नाही, भक्तीला हरकत आहे की नाही एवढंच सांगायचं, असं ठरलं.

राहिलं पाणी. २५ फेब्रुवारी १८५८ ला बर्नाडेटनं कपारीत हातानं चिखल उकरला, गढूळ पाणी प्यायली, तिथलं गवत खाल्लं, तोंडाला चिखल लागला. जमलेले लोक हसले. तिथून पुढे पाणी नितळ वाहू लागलं. गावच्या पुढाऱ्यांना आशा होती की हे शेजारच्या गावांसारखं औषधी पाणी निघेल आणि गिऱ्हाईक येईल. ऑगस्टमध्ये तुलूझचे रसायनशास्त्रज्ञ फिलोल यांनी तपासून सांगितलं: साधं पिण्याचं पाणी, औषधी गुणाचं त्यात काही नाही. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांतल्यासारखं ते गरमही नाही आणि त्याला गंधकाचा वासही नाही. ख्रिस्तसभेनं हे कधी नाकारलं नाही.

‘रोग बरे होतात अशी आवई’ म्हणणाऱ्यांनी हिशेब पाहावा. बरे झाल्याची सात हजारांहून अधिक प्रकरणं तिथे नोंदली गेली. १८८३ पासून तिथे वैद्यकीय कचेरी आहे, आणि कोणत्याही श्रद्धेचा, किंवा श्रद्धा नसलेला डॉक्टर तिथल्या तपासणीत बसू शकतो. आजार गंभीर असावा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ असावं, उपचारांनी त्याचा उलगडा होऊ नये. एवढ्या चाळण्यांतून जे उरतं ते त्या रुग्णाच्या बिशपांपुढे जातं. २०१८ मध्ये मान्य झालेला चमत्कार फक्त सत्तरावा होता. आपल्याकडे फिरणारा दुसरा, भाविकांचा आवडता मेसेज, ‘नोबेलविजेत्या डॉक्टर कारेल यांनी लुर्ड्सचा चमत्कार डोळ्यांनी पाहिला’, तोही इथेच तपासावा. १९०२ मध्ये त्यांनी मारी बायी या रुग्ण स्त्रीला सुधारताना पाहिलं हे खरं, पण तेच प्रकरण मान्य चमत्कारांच्या यादीत नाही. तोही मेसेज मी पुढे पाठवत नाही.

दर्शनातल्या त्या बाईनं बर्नाडेटला बरं करण्याचं वचन दिलंच नव्हतं. या जगात तुला सुखी करीन असं मी सांगत नाही, पुढच्या जगात करीन, असं ती म्हणाली होती. नेव्हेरमध्ये बर्नाडेट दम्यानं आणि गुडघ्याच्या क्षयानं झिजत गेली आणि १६ एप्रिल १८७९ ला, ३५ व्या वर्षी वारली.

आमच्या आजीकडे लुर्ड्सच्या पाण्याची बाटली होती, मरियेच्या आकाराची, निळ्या मुकुटाचं झाकण असलेली, कुणीतरी यात्रेहून आणलेली. आजोबांच्या शेवटच्या आजारात ती रोज त्यांच्या कपाळाला त्यातले दोन थेंब लावायची आणि शेजारी बसून जपमाळ म्हणायची. आजोबा गेले. बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. पुढच्या आठवड्यात आजी ती बाटली घेऊन शेजारच्या आजारी बाईकडे गेली आणि तिच्या उशाशी बसून तिनं तीच जपमाळ पुन्हा सुरू केली.