जुनी हॉबी म्हणजे भंगार? थांबा जरा

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. पणजी, ताळगाव, दोनापावला पट्ट्यात जो कोणी शिडाची होडी हाकतो त्याच्या फोनवर तो एकदा तरी येऊन गेलाय. मला तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा मावसभाऊ, त्याला मांद्र्याला घराजवळ ठेवायला एक सेकंडहँड कॅटामरान (दोन समांतर हल, म्हणजे होडीचे तरंगते सांगाडे, जोडून केलेली शिडाची होडी) घ्यायचीय आणि मेसेज वाचून त्याने जमत आलेला सौदा थांबवलाय, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज साधारण असा आहे: हॉबी कंपनीच्या हॉबी १६ सारख्या पन्नास वर्षं जुन्या डिझाईनच्या कॅट, म्हणजे कॅटामरान, घेऊ नका. त्या नाक खुपसून उलट्या होतात, बोर्ड (हलमधून खाली पाण्यात सोडायची फळी) नसल्यामुळे वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढत नाहीत, उलटल्या की सरळ होत नाहीत, फायबर सडतं, पार्ट मिळत नाहीत. प्लास्टिकची नाहीतर फॉइलवाली (पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी) नवी कॅट घ्या, वेगवान, सेफ, मेंटेनन्स शून्य. खाली 'जनहितार्थ' आणि जोडलेले हात.

मूळ घोळ पहिल्याच ओळीत आहे. डिझाईनचं वय आणि होडीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेसेजवाल्याने दोन्ही एकाच भांड्यात घोटल्यात. पन्नास वर्षं जुन्या डिझाईनची होडी मागच्या वर्षी बनलेली असू शकते, आणि अगदी आधुनिक डिझाईनची होडी दहा वर्षं कोणाच्या तरी अंगणात उन्हात पडून वाळलेली असू शकते. रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, उलांडीवाली होडी बघा ना, एका बाजूला उलांडी, म्हणजे तरंगणारा ओंडका, बांधून तोल सांभाळायची ही युक्ती किती पिढ्यांची असेल, पण किनाऱ्यावर उभं राहून 'काय रे ही जुनी डिझाईन' असं कोणी म्हणेल का? (आणि 'कॅटामरान' हा शब्दच तमिळ कट्टुमरम वरून गेलाय, म्हणजे बांधलेले ओंडके. तो तराफा, दोन हलची होडी नव्हे, पण नाव आपल्याच किनाऱ्यांवरून गेलंय एवढं तरी लक्षात असू दे.)

आता नाक खुपसण्याचा मुद्दा. हा खरा आहे, सरळ मान्य. हॉबी १६ च्या हलचं पुढचं टोक बारीक आहे, तिथे तरंगायला पुरेसा फुगवटाच नाही, त्यामुळे वारा बाजूने किंवा थोडा मागून असताना वेग वाढला की वाऱ्याखालचं, म्हणजे वारा जातो त्या बाजूचं, नाक पाण्यात शिरतं, होडी ब्रेक मारल्यासारखी थांबते आणि मागचा भाग वरून पुढे येतो. याला पिचपोल म्हणतात. मी स्वतः मिरामारसमोर ट्रॅपीजवर (मास्टवरून, म्हणजे डोलकाठीवरून, येणाऱ्या तारेला अडकून होडीबाहेर) लटकलेलो असताना एकदा पुढच्या तारेला वळसा घालून जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, पलीकडे जाऊन पडलोय. बरगडी महिनाभर दुखत होती, घरी सांगितलं जिन्यावर पडलो. नव्या डिझाईनमध्ये, म्हणजे एफ-१८ (अठरा फुटी रेसिंग कॅटचा वर्ग) वगैरेमध्ये, पुढे जास्त व्हॉल्यूम असतो, त्या बऱ्याच उशिरापर्यंत माफ करतात. पण माफ करतात म्हणजे पिचपोल होत नाहीत असं नाही, मोठं स्पिनेकर, म्हणजे पुढचं फुगीर शीड, लावून वीस नॉटच्या आसपास पळताना त्या नाक खुपसतात तेव्हा माणूस जास्त लांब उडतो एवढंच. हॉबीवर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. मास्ट मागे झुकवून ठेवा, दोघांनी मागच्या क्रॉसबारपर्यंत (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंत) सरका, जिब वेळेवर सैल सोडा, मेनचा, म्हणजे मोठ्या शिडाचा, ट्रॅव्हलर (त्याचा दोर बाजूला सरकवणारी गाडी) बाहेर जाऊ द्या. आणि दुपारी दोननंतर वायव्येचा वारा चढतो, मार्च-एप्रिलमध्ये तर चांगलाच, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोनापावल्याच्या बाहेर शायनिंग मारायला जाऊ नका. हे कुठल्याही होडीला लागू.

'बोर्ड नाहीत म्हणून वाऱ्यावर चढत नाही' हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण इथेच त्या डिझाईनची सगळी गंमत आहे. हॉबी ऑल्टर हा कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा माणूस, त्याने १९६० च्या दशकाच्या शेवटी आधी हॉबी १४ आणि मग हॉबी १६ आणली, ती क्लबच्या धक्क्यावरून नाही तर थेट वाळूवरून, फुटणाऱ्या लाटांतून बाहेर काढता यावी म्हणून. त्यासाठी त्याने डॅगरबोर्ड काढूनच टाकले आणि हल असिमेट्रिक केले, बाहेरची बाजू जवळजवळ सपाट, आतली बाजू फुगीर. होडी चालायला लागली की पाण्यातला वाऱ्याखालचा हल उभ्या पंखासारखं काम करतो आणि होडीला वाऱ्याच्या दिशेने ढकलतो. बोर्डवाल्या होडीएवढी ती वर चढत नाही हे खरं, वाऱ्याशी कोन थोडा मोठा ठेवावा लागतो, नाक जबरदस्तीने वाऱ्याकडे काढलंत तर ती नुसती आडवी घसरत जाते. पण नाक वाऱ्यापासून थोडं खाली घेऊन वेग ठेवलात तर जाते, नक्की जाते, आणि न जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण शीट (शिडाचा दोर) आवळून गुदमरवत असतात तिला. टॅक करतानाही, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवतानाही, तेच, मधेच अडकते असं म्हणतात, अडकतेच, पण मेन थोडी सोडा, जिब उलट्या बाजूला भरू द्या, नाक फिरलं की मग जिब सोडा. अडकलीच तर ती मागे जायला लागते, तेव्हा रडर (सुकाणू) उलटे धरा. दोन-चार दिवसांत जमतं.

आता हे सगळं गोव्यात का महत्त्वाचं? कारण आपल्याकडे वाळू आहे. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बार आहे, मिरामार-करंझाळ्यासमोर ओहोटीला पाणी कुठे गुडघ्याएवढं होईल सांगता येत नाही, मांद्रे-मोरजीकडे तर उघडा समुद्र आणि फुटणाऱ्या लाटा. डॅगरबोर्ड खाली असताना होडी वाळूवर चढली की एकतर बोर्ड मोडतो नाहीतर हलमधला बोर्डचा खाचा फाटतो आणि तो फाटला की हलमध्ये पाणी. एका मित्राच्या नव्या कोऱ्या बोर्डवाल्या कॅटचं दुसऱ्याच रविवारी हेच झालं, आम्ही तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढत आणली आणि तो दोन तास कोणाशी बोलला नाही. हॉबी १६ ला खाली काही नाहीच, रडर जमिनीला लागले की आपोआप उचलले जातात, होडी सरळ वाळूवर चढवायची आणि उतरून चहा प्यायला जायचं. मांद्र्याच्या किनाऱ्याला हीच 'जुनी' डिझाईन जास्त शोभते असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटली की सरळ होत नाही, हे वजनावर आहे, वर्षावर नाही. हॉबी १६ साधारण १४५ किलोची, आणि दोघांचं मिळून वजन १३५-१४० च्या आसपास असेल तर दोर धरून मागे लटकलं की येते वर, अट एवढीच की आधी नाक वाऱ्याकडे फिरवून घ्यायचं म्हणजे शिडाखाली वारा शिरतो. एकटा सडपातळ माणूस असेल तर अवघड, मान्य, मग पाण्याने भरायची राइटिंग बॅग वापरा. पण एफ-१८ चं किमान वजनच १८० किलो आहे, ती काय फुंकर मारून सरळ होते? उलट आपल्याकडची खरी अडचण वेगळीच, नदीत उलटली आणि पूर्ण पालथी झाली की मास्टचं टोक चिखलात रुततं. त्याला मास्टच्या टोकावर फ्लोट लावायचा, जुन्या होडीलाही लागतो, नव्यालाही लागतो.

फायबर सडतं. बरं. फायबर लाकडासारखं सडत नाही, पण हॉबीचा हल म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास असं सँडविच असतं, ते वर्षानुवर्षं उन्हात आणि ताणाखाली राहिलं की फोम आणि ग्लास सुटे होतात. डिलॅमिनेशन. सेकंडहँड घेताना पहिली परीक्षा हीच, पुढच्या क्रॉसबारच्या आसपास आणि त्याच्या पुढे डेकवर अंगठ्याने जोर देऊन बघा, दबलं, कुरकुरलं तर समजायचं. नाण्याने टकटक करत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. आमची होडी घेतली तेव्हा उजव्या हलला ताटाएवढी जागा मऊ होती, विकणाऱ्याने त्यावर नेमका टॉवेल वाळत घातला होता (विक्रेता अजून भेटतो, अजून टॉवेलचा विषय काढत नाही). बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी सोडली, वजन ठेवून दाबलं, आठवडाभरात हल दगडासारखा झाला, आणि ते काम करणारा माणूस कोण तर मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा. हा मुद्दा मेसेजवाल्याला सुचलाच नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यागणिक फायबरचं काम येणारा कोणीतरी सापडतो. प्लास्टिकची, म्हणजे साच्यात फिरवून केलेली पॉलिथिलीनची कॅट मार खायला दणकट असते, दगडावर घासली तरी ओरखडाच येतो, भाड्याने द्यायच्या धंद्याला ती उत्तम, यात वाद नाही. पण ती फुटली की त्यावर इपॉक्सी चिकटत नाही, प्लास्टिक वेल्डिंग करणारा शोधा, आणि ऊन तिलाही खातं. शिवाय जड. हॉबीचीच गेटअवे लांबीला १६ एवढीच आहे आणि वजनाने तीसेक किलो जास्त, ओहोटीला ती वाळूतून वर ओढणाऱ्या दोन माणसांना विचारा मेंटेनन्स शून्य म्हणजे काय.

फॉइलिंगबद्दल थोडक्यात. नाक्रा १७ ही ऑलिंपिकची कॅट रिओला २०१६ मध्ये आली आणि टोकियोपासून पूर्ण फॉइलवर उडते, बघायला डोळ्यांचं पारणं फिटतं, वेगात तिच्यापुढे आपली हॉबी बैलगाडी. पण ती ऑलिंपिकवाल्यांसाठी आहे. आपल्या पाण्यात जाळी, जाळ्यांचे फ्लोट, दोर, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि फॉइल खाली सोडायला आधी खोल पाण्यात जायला हवं. मांद्र्याला घराजवळ ठेवायला फॉइलवाली कॅट घेणं म्हणजे शेतात जायला रेसिंग बाईक घेण्यासारखं आहे.

राहिला पार्टचा मुद्दा, आणि हा तर मेसेजवाल्याने पार उलटा मांडलाय. हॉबी १६ एकाच मापाची होडी आहे, नियम कडक, आकार तोच, आणि जगभर या होड्या एक लाखाच्या वर बनल्यात. म्हणून पार्ट अजून बनतात. सुधारणाही झाल्यात, उदाहरणार्थ अमेरिकेत ॲल्युमिनियमचा मास्ट विजेच्या तारांना लागून माणसं गेली, मग वरचा तुकडा फायबरचा झाला. (आपल्याकडे मास्ट उभा ठेवून गावच्या रस्त्यावरून होडी ढकलत नेणारे महाभाग आहेत, तारा दिसत नाहीत का तुम्हाला?) याउलट एफ-१८ मध्ये मापांची चौकट तेवढी ठरलेली, लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, आत ज्याने त्याने आपलं डिझाईन करायचं. म्हणजे दर काही वर्षांनी नवं मॉडेल आलं की तुमचं मागे पडतं. हॉबीचीच टायगर एके काळी एफ-१८ मध्ये राज्य करत होती, तिच्या जागी वाइल्डकॅट आली आणि टायगर 'जुनी' झाली, हॉबी १६ मात्र या सगळ्यांच्या आधीची असून अजून तिच्या स्वतःच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप होतात. तेव्हा कुठली डिझाईन लवकर म्हातारी होते ते तुम्हीच बघा.

नवी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. रेस करायची असेल, जोडीला पक्का पार्टनर असेल, लागतील तेव्हा बोर्ड परदेशातून मागवायची ऐपत असेल तर एफ-१८ घ्या, मला एकदा बसवा. मुलांना शिकवायला आणि पर्यटकांना फिरवायला प्लास्टिकची घ्या.

आणि आमच्या मावसभावाला: बाबा, विकणाऱ्याला फोन कर, सौदा अजून आहे का विचार. शनिवारी ओहोटीला आपण दोघं जाऊ, होडी पालथी करून तळ बघू, क्रॉसबार काढायला लावू, डेक पूर्ण अंगठ्याने दाबू. येताना एक जुनं पाच रुपयांचं जाड नाणं आण, टकटक करायला नवीन पातळ नाणी उपयोगाची नाहीत. आणि होडीवर टॉवेल वाळत घातलेला दिसला तर आधी तो उचल.