वर्गफुटाला ₹95 कुठून आले? शाहूपुरीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. आपण नाव लिहिलं नाहीत, पण कोल्हापूरच्या शाहूपुरीत चाळीस वर्षं राहता आणि तीन घरं बांधलीत असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते. घराच्या बाहेरच्या गिलाव्यावरच्या, म्हणजे प्लास्टरवरच्या, माझ्या लेखाखाली आपण चार गोष्टी लिहिल्यात. वर्गफुटाला ₹95 हा आकडा लोकांना घाबरवणारा आहे, आपला गवंडी मटेरियलसकट ₹45 त करून देतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीला चुना लावा हा सल्ला हौशी लोकांचा आहे. अमेरिकेत भाच्याच्या घराला सिमेंटचाच स्टको, म्हणजे तिथला बाहेरचा गिलावा, आहे आणि तो व्यवस्थित टिकलाय. आणि शेवटी विचारलंत, आता मे महिन्यात काम काढू का?

आधी माझी चूक कबूल करते. आपला ₹45 चा आकडा बरोबर आहे. लेखात मी नुसता ₹95 लिहिला आणि त्यात काय काय आलं हे फोडून सांगितलं नाही. वाचणाऱ्याला तो निव्वळ गिलाव्याचा दर वाटणारच. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे, इथंही सगळा हिशेब मांडते.

आमचं घर कोल्हापुरातच, शुक्रवार पेठेत. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचा. मागचा भाग 1994 चा, विटा आणि आरसीसी. ₹95 चा खर्च या मागच्या भागाचा, 2022 सालचा. पश्चिमेची भिंत, दक्षिणेची भिंत आणि गच्चीचा कठडा मिळून 1,250 वर्गफूट. जुना गिलावा पाडून राडारोडा उचलायला ₹16,000. परांची, म्हणजे उंचावर उभं राहून काम करायचा बांबूंचा सांगाडा, ₹11,000. मजुरी वर्गफुटाला ₹34 प्रमाणे ₹42,500. सिमेंट 22 पोती, ₹8,140. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, एक ब्रासपेक्षा (100 घनफुटांपेक्षा) थोडी जास्त, ₹5,000. जाळी आणि वॉटरप्रूफिंगचं लिक्विड ₹4,200. कठड्याचा माथा नव्याने करणं आणि गच्चीचे पाइप बदलणं ₹9,000. प्रायमर आणि रंगाचे दोन हात ₹22,500. एकूण ₹1,18,340.

आता यातली मजुरी, सिमेंट, वाळू, जाळी आणि लिक्विड एवढंच धरा. वर्गफुटाला ₹48 होतात. म्हणजे आपल्या गवंड्यात आणि माझ्या गवंड्यात तीन रुपयांचा फरक! बाकीचे ₹47 गेले पाडण्यात, परांचीत, कठड्यात, पाइपात आणि रंगात. आपण नव्या भिंतीचा दर सांगताय. नव्या भिंतीवर पाडायचं काही नसतं आणि परांची बांधकामासाठी लागलेलीच असते. जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला ₹45 ऐकून काम सुरू केल्यावर मध्येच पैसे कमी पडतात, आणि मग तो नेमकं कठड्याचं आणि पाइपाचं काम सोडून देतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, कारण आम्हीही तेच केलं होतं.

2016 मध्ये पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले. एका गवंड्याने जुना रंग तसाच ठेवून त्यावर सिमेंट ओढलं. "ताई, वरनं बघा की, कळतंय का कुठं जोड?" असं म्हणाला होता, आणि खरंच कळत नव्हता. ₹21,000 दिले. जुन्या रंगावर सिमेंट धरत नाही, त्यामुळे दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रा उचलला. 2018 मध्ये ₹18,000 चा वॉटरप्रूफ रंग मारला, तर तो फुग्यासारखा फुगला. पाणी भिंतीच्या तोंडावरून आत येतच नव्हतं. कठड्याच्या माथ्याला गेलेल्या केसाएवढ्या भेगेतून ते उतरत होतं आणि आतून रंगाला ढकलत होतं. ₹39,000 गेले आणि भेग तिथल्या तिथेच. दोन्ही वेळा मी फक्त वर्गफुटाचा भाव विचारला होता. पाणी कुठून येतंय, हे कुणालाच विचारलं नाही.

आपल्याकडे गगनबावड्याच्या बाजूने पाऊस येतो, तिरका, वाऱ्यासकट. म्हणून पेठेतल्या कुठल्याही घराची पश्चिमेची भिंत आधी जाते. पूर्वेची आमची भिंत 1994 चीच आहे आणि तिला मी हात लावलेला नाही. हातोडीच्या दांड्याने सगळी ठोकून बघितली, बद्द आवाज कुठेच आला नाही. जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने खूण करायची आणि तेवढंच काढायचं. सरसकट सगळं पाडा असं मी लिहिलं नव्हतं, पण तसा अर्थ निघत असेल तर तोही माझ्या लिहिण्याचा दोष.

मात्र थोडंच काम म्हणजे स्वस्त काम, असं समजू नका. 40 वर्गफुटाचा तुकडा धरा. बाहेरचा गिलावा दोन थरांत होतो, साधारण 20 मिमी जाड, आणि पहिला थर खरबरीत ठेवून तो धरेपर्यंत दुसरा मारायचा नसतो. म्हणजे गवंडी आणि बिगारी दोन दिवस येणार. त्या वर्षी आमच्याकडे गवंड्याची हजेरी ₹900 होती, बिगाऱ्याची ₹600. तीन हजार तिथेच झाले, सामान सातशेचं. वर्गफुटाला ₹90 च्या वर गेलं, रंग वेगळाच. लहान कामात वर्गफुटाचा भाव विचारूच नये, दिवस किती लागतील ते विचारावं.

सिमेंटबद्दलही सांगते, कारण आपण "एकास सहा मालात भागतं" असंही लिहिलंय, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. आतल्या भिंतीला भागतं. बाहेर एकास चार घेतला तर 100 वर्गफुटाला पावणेदोन पोती लागतात, एकास सहा घेतला तर सव्वा. अर्ध्या पोत्याचा फरक. माझ्या अख्ख्या कामात त्यातून ₹2,300 वाचले असते. पाडण्यावर आणि परांचीवर ₹27,000 घालवून ते वाचवायचे का? वाळूकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये डस्ट जास्त असते, ती पाणी जास्त मागते आणि वाळताना गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात हलवून ठेवा, वर गाळाचा थर किती बसतो ते दिसतं. आणि वीट जिथे कॉलमला मिळते त्या सांध्यावर जाळी हवीच, कारण वीट आणि काँक्रीट उन्हात सारखे हलत नाहीत.

आता भाच्याचा स्टको. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. त्या सांगाड्यावर आधी पाणी अडवणारा कागद लावतात, त्यावर तारेची जाळी ठोकतात आणि मग तीन थरांत सिमेंटचा गिलावा चढवतात, सगळा मिळून साधारण 22 मिमी. भिंतीच्या तळाशी भोकं असलेली धातूची पट्टी असते. गिलाव्याच्या मागे शिरलेलं पाणी कागदावरून उतरतं आणि त्या पट्टीतून बाहेर पडतं. भाच्याला विचारा, पट्टी असेल तर तो लगेच सांगेल. आपल्याकडे गिलावा थेट विटेला चिकटलेला असतो. मागे शिरलेल्या पाण्याला वाट नाही, म्हणून ते शिरूच नये याची सोय वर, कठड्याच्या माथ्यावर आणि छज्ज्याच्या खालच्या खाचेत करावी लागते. छज्ज्याला खाच असली की पाणी पागोळीसारखं टपकून मोकळं होतं, भिंतीकडे पळत नाही.

आणि चुना. यावर आपण रागावला आहात हे दिसतंय, आणि मलाही हा विषय जिव्हाळ्याचा आहे. 1988 मध्ये वडिलांनी मोठ्या हौसेनं पुढच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा पेठेत सगळेच करत होते. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती बाहेर जायची वाट बंद झाली. वर्षानुवर्षं आत लोणा लागत राहिला, म्हणजे ओलीतल्या क्षारांनी भिंत झिजत राहिली, आम्हाला फक्त तळाशी पांढरी भुकटी दिसायची. जुलै 2021 च्या पुरात चार दिवस गुडघाभर पाणी उभं राहिलं. पाणी उतरल्यावर सिमेंटचा थर पत्र्यासारखा सुटून आला, आणि त्याला चिकटून वीतभर माती. माई भिंतीला हात लावून उभी होती, ते मला विसरता येत नाही. सिमेंट भिंतीपेक्षा घट्ट, भिंत त्याच्यापेक्षा मऊ. वरचं खालच्याला सोलून काढतं.

तिथे आम्ही माती, शेण आणि भुसा यांचा थर देऊन वर चुना केला. 260 वर्गफुटाला ₹36,400 लागले, म्हणजे वर्गफुटाला ₹140. महाग आहे. चुन्यावर हात बसलेले गवंडी थोडे उरलेत आणि काम सहा आठवडे चाललं. पूर आला तर चुनाही भिजेल, तो पूर थांबवत नाही. पण पाणी उतरल्यावर भिंत वाळते. तुमचं घर विटांचं असेल तर चुन्याची काही गरज नाही, तिथे सिमेंटच करा.

राहिला मे महिना. आता पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापते. कामाला घेतलीत तर सकाळी, सावलीत असतानाच, आणि नंतर निदान सात दिवस दिवसातून तीनदा पाणी, वर ओली गोणपाटं. पाणी मारायची मजुरी माझ्या हिशेबात नाही, ते मी आणि माझ्या मुलीने केलं. गिलावा वाळायला साधारण चार आठवडे द्यायचे आणि मग रंग, तोवर मिरग, म्हणजे पावसाचं मृग नक्षत्र, येऊन दारात उभा राहील. म्हणून आत्ता एवढंच करा. गच्चीवर जा, कठड्याच्या माथ्याच्या भेगा भरून घ्या, पाइपाचे सांधे बघा, आणि पावसात भिंत कुठून ओली होते त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. गिलावा दसऱ्यानंतर काढा. तेव्हा फोटो घेऊन आमच्याकडे आलात तर पश्चिमेची भिंत दाखवते, आपल्या गवंड्यालाही बरोबर आणा.