कन्सोल खपवतो तो सवंगडी

2025च्या एप्रिलमध्ये टोकियोतल्या आमच्या घरात सगळे एका सोडतीकडे डोळे लावून बसले होते. बक्षिसाची नाही, निन्टेन्डोचं नवं गेमयंत्र स्विच 2 विकत घ्यायला मिळावं म्हणून काढलेली सोडत. निन्टेन्डोच्या स्वतःच्या दुकानाची अट अशी, की जुन्या स्विचवर निदान 50 तास खेळलेलं असावं आणि ऑनलाइन सदस्यत्व एकूण वर्षभराचं झालेलं असावं. तरीही एकट्या जपानमधून सुमारे 22 लाख अर्ज आले. आमचा नंबर लागला नाही. लेकीचा चेहरा पडला. पण दोनच मिनिटांत तिने विचारलं, "आई, वर्गात कुणाला लागलाय?"

मला वाटतं, इथल्या बाजाराचं सगळं मर्म या प्रश्नात आहे.

धाकटा भाऊ पुण्याहून नेहमी विचारतो, "ताई, प्लेस्टेशन 5 एवढं दणकट मशीन, सोनी तिथलीच कंपनी, मग तिथे सगळीकडे निन्टेन्डोच कसं?" यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, जपानी माणूस देशी माल सोडत नाही. मग सोनी कुठली? दुसरं, घरं लहान, ट्रेनचा प्रवास लांबचा, म्हणून हातातलं यंत्र चालतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. मी रोज सकाळी ज्या ट्रेनने जाते तिथे बहुतेकांच्या हातात फोन असतो. स्विच दिसतो तो शनिवारी दुपारी, मित्राकडे निघालेल्या पोरांच्या पिशवीत. यंत्र हातात मावायला हवं, ते दुसऱ्याच्या घरी नेता यावं म्हणून.

हे आजचं नाही. निन्टेन्डोचं हातात धरायचं यंत्र गेम बॉय 1989चं. 1996च्या फेब्रुवारीत पोकेमॉन हा प्राणी जमवायचा खेळ आला तेव्हा ते यंत्र पार जुनं झालं होतं. पोकेमॉन लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काही प्राणी एकीतच सापडायचे. सगळे जमवायचे तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र हवा आणि दोन गेम बॉय जोडायला केबल हवी. म्हाताऱ्या यंत्राला पुन्हा पालवी फुटली.

सोनीलाही हे एकदा जमलं होतं, म्हणूनच मला जास्त हळहळ वाटते. 2004च्या डिसेंबरमध्ये त्यांचा हातात धरायचा पीएसपी आला. त्याला खरा जोर चढला तो मॉन्स्टर हंटर या खेळामुळे. चौघांनी एकत्र बसायचं, पीएसपी एकमेकांना बिनतारी जोडायचे आणि मिळून एका अजस्र प्राण्याची शिकार करायची. ऑफिसमधला माझा एक सहकारी तेव्हा कॉलेजात होता. तो सांगतो, चौघांपैकी तिघांनी पीएसपी घेतला की चौथ्याला घ्यावाच लागायचा, नाहीतर संध्याकाळी तो करणार काय? 2010च्या डिसेंबरमध्ये आलेला पीएसपीवरचा मॉन्स्टर हंटर 40 लाखांवर खपला.

आणि मग हा खेळ निन्टेन्डोकडे गेला. त्यांचा हातात धरायचा 3डीएस 2011च्या फेब्रुवारीत 25,000 येनला बाजारात आला आणि थंड पडला. ऑगस्टमध्ये किंमत थेट 15,000 येनवर आणली. डिसेंबरमध्ये मॉन्स्टर हंटर त्यावर आला. त्याच महिन्यात सोनीचा पीएसपीनंतरचा व्हिटा निघाला. पडदा सुरेख, यंत्र कितीतरी सरस. पण टोळी आधीच दुसरीकडे जाऊन बसली होती.

एकट्याने खेळायचे खेळही यंत्र खपवतात, हे मान्य. 10 फेब्रुवारी 1988ला ड्रॅगन क्वेस्ट या खेळाचा तिसरा भाग आला. वार बुधवार, तरी शाळा बुडवून पोरं रांगेत. 1997च्या जानेवारीत फायनल फँटसीचा सातवा भाग प्लेस्टेशनवर आला आणि सेगा कंपनीच्या सॅटर्न या यंत्राची वाट बिकट झाली. पण मला विचाराल तर तिथेही सवंगडी होताच. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ज्याबद्दल बोलणार, ते आपल्याला ठाऊक नसेल तर कसं चालेल?

नुसता चांगला खेळ मात्र पुरत नाही. आपल्या एक्सबॉक्स 360 या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने फायनल फँटसीचे जनक हिरोनोबु साकागुची यांच्याकडून खेळ करून घेतले. त्यातल्या ब्लू ड्रॅगनची पात्रं 'ड्रॅगन बॉल'वाले चित्रकार अकिरा तोरियामांनी रेखाटली होती. मनापासून केलेला प्रयत्न होता तो. पण शेजारच्या पोराकडे एक्सबॉक्स नव्हता.

आता किमतीबद्दल, कारण इथे मला राग येतो. डिस्क चालणारा प्लेस्टेशन 5 2020मध्ये कर धरून 54,978 येनला आला. सप्टेंबर 2022मध्ये 60,478 झाला, सप्टेंबर 2024मध्ये 79,980. येन घसरला, हे खरंच. पण पगार त्या वेगाने वाढले नाहीत. ऐंशी हजारांचं यंत्र आठ वर्षांच्या मुलाला घेऊन देणारे पालक किती असतील? आणि वर्गात चार जणांकडे नसेल तर पाचवा हट्ट तरी कशाचा धरणार? निन्टेन्डोने 2025मध्ये स्विच 2ची फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती 49,980ला दिली, सगळ्या भाषांची 69,980ला. सोनीने तसंच जपानी भाषेपुरतं, डिस्कविना चालणारं प्लेस्टेशन 5 55,000 येनला आणलं, पण नोव्हेंबर 2025मध्ये. पाच वर्षं! 2020मध्ये आठ वर्षांचं असलेलं पोर तोवर तेरा वर्षांचं झालं.

आणखी एक गोष्ट, छोटी, पण मला बोचते. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल, चुकीच्याला फुली. 1994पासून इथल्या प्लेस्टेशनवर गोलाचं बटण म्हणजे 'हो' आणि फुलीचं म्हणजे 'नको'. प्लेस्टेशन 5मध्ये बाकीच्या जगासारखी फुली 'हो' झाली. तो सहकारी म्हणाला, "आता आमच्यासाठी बनवत नाहीत, एवढं कळलं." विक्री काही एका बटणाने पडत नाही. पण हे वाक्य मी विसरले नाही.

आमच्याकडे स्विच 2 शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. काल दुपारी हॉलमध्ये चार पोरी फतकल मारून बसल्या होत्या. दोघींकडे नवा, दोघींकडे जुना. काही खेळ नव्या स्विचवरून शेजारच्या जुन्यावरही खेळायला देता येतात, हे मला माहीत नव्हतं. लेकीने न विचारताच देऊन टाकला होता.